यंदा राबासाठी ओढ्याचा काठ झाडू नका



राबाची तयारी सुरू झाली. पातेरा गोळा करायला आपण आधी ओढ्याकडे वळतो, कारण करंज, उंबर, जांभळाची पानं तिथे जाड साचलेली असतात. यंदा तो काठ सोडा. का ते सांगतो.

भात निघालं, शेत तापलं, भेगा पडल्या की जमिनीवर राहणाऱ्या बारीक जीवांना ओल लागते. ती उन्हाळ्यात काठच्या पातेऱ्याखाली, दगडाखाली, मुळांत टिकते. काळे भुंगेरे, जाळं न विणता पळून शिकार करणारे कोळी, गोम, गांडूळ तिथे तग धरतात आणि पावसात पुन्हा शेतात पसरतात. भुंगेरे रात्री अळ्या आणि कोष खातात. कोळी भाताच्या चुडात शिरून तुडतुडे पकडतात. काजवा आपल्याला झाडावर चमकताना दिसतो, पण त्याची अळी ओल्या जमिनीवर वाढते आणि गोगलगायी खाते. पातेरा राबात गेला की हे सगळे त्याच्यासोबत भाजले जातात. मग जुलैमध्ये औषधाचा खर्च वाढतो.

आपली भाजी जिथे विकली जाते, त्या सीवूड्सचं उदाहरण घ्या. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. पण भरतीला खाडीतला चिखल बुडतो, तेव्हा पक्षी टेकायला सीवूड्सच्या डीपीएस तलावासारख्या छोट्या पाणथळींवर येतात. 2024 च्या उन्हाळ्यात त्या तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट बंद झाली आणि तलाव सुकला. त्या हंगामात तिथे फ्लेमिंगो मेलेलेही सापडले. मोठी खाडी शाबूत होती, अडचणीच्या वेळचा आसरा तेवढा गेला. आपल्या शेतातल्या मित्रकिडींसाठी ओढ्याचा काठ म्हणजे तोच आसरा.

काही जण म्हणतील, काठावर खेकडेही असतात आणि ते बांध पोखरतात. खरं आहे. बांधातली बिळं चिखलाने पक्की बुजवा. ओढ्याच्या काठची बिळं मात्र राहू द्या, तिथे ती आपलं काही बिघडवत नाहीत.

एवढं करा:

1) ओढ्यापासून निदान 10 फूट पट्टा राखा. तिथला पातेरा उचलू नका, गवत पेटवू नका.
2) त्या पट्ट्यात फवारणी नको. पंप आणि डबे ओढ्यात धुऊ नका.
3) निरगुडी, करंज, उंबर तोडू नका. पावसाळ्यात काठ धरून ठेवतात ते हेच.
4) जेसीबीने ओढा साफ करायचा असेल तर दोन्ही काठ एकाच वर्षी खरवडू नका.

खात्री करायची असेल तर पाऊस सुरू झाल्यावर दोन प्लास्टिकचे ग्लास घ्या. एक काठाजवळ, एक शेताच्या मधोमध, तोंड जमिनीच्या पातळीला येईल असे पुरा. आत दोन सुकी पानं टाका, वर दगडांच्या आधाराने फरशीचा तुकडा ठेवा. सकाळी कोणत्या ग्लासात काय पडलंय ते मोजा, फोटो ग्रुपवर टाका आणि जीव सोडून द्या. हात आत घालू नका, विंचू असू शकतो.

ज्यांचं शेत ओढ्याला लागून आहे त्यांनी राब भाजण्याआधी फोन करा. पट्टा कुठे आखायचा ते बांधावर येऊन दाखवतो.

आपला,
कृषी सल्लागार