फंक्शन समजून घ्यायचंय? पसरणी घाट चढा! ⛰️

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मधला घाटरस्ता साधारण १२ किलोमीटरचा. एवढ्या आकड्यांत अकरावी-बारावीचं बरंच गणित बसतं.

👉 फंक्शन: वाईपासून रस्त्यानं किती अंतर आलात ते सांगा, तिथली उंची एकच निघते. एका किमतीला एकच उत्तर, हीच अट. उलट दिशेनं खात्री नाही. मध्ये थोडा उतार लागला, की तीच उंची पुन्हा भेटते.

👉 उभ्या रेषेची कसोटी: नकाशावर घाटाच्या वळणांवरून उभी रेघ ओढा. ती रस्त्याला अनेकदा छेदते. म्हणजे नकाशावरची ही नागमोडी रेघ ‘क्ष’चं फंक्शन नाही.

👉 डेरिव्हेटिव्ह: रस्त्यावरच्या एखाद्या जागी चढ किती? सरासरी काढली तर दर १०० मीटरला ५ मीटर. मध्यमान प्रमेय सांगतं, की वाटेत कुठेतरी चढ नेमका तेवढाच असतो. वर टेबललँडच्या जांभ्याच्या पठारावर मात्र तो जवळपास शून्य.

👉 इंटिग्रल: प्रत्येक छोट्या टप्प्यातला चढ गुणिले अंतर, सगळ्यांची बेरीज. उत्तर: वाई-पाचगणीच्या उंचीतला फरक, ६०० मीटर!

डेरिव्हेटिव्हमागची ‘क्षणाचा वेग’ ही कल्पना आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला होता.

पुढच्या वेळी गाडीत मागे बसलात, तर मोबाइलवर दर किलोमीटरला उंची टिपा आणि आलेख काढा. सर्वांत तीव्र चढ कुठे सापडला, कमेंटमध्ये सांगा!