बालेवाडीचे दहा हंगाम

फुटबॉल क्लबच्या पाठीराख्याचे कालमापन वर्षाने होत नाही, ते हंगामाने होते. हंगाम म्हणजे साखळी स्पर्धेच्या पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंतचा काळ. आणि साखळी स्पर्धा म्हणजे जीत हरलेला संघ बाहेर पडत नाही, तर प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी घरच्या आणि परक्या मैदानावर खेळतो व अखेरीस गुणतक्ता विजेता ठरवतो, अशी स्पर्धा. ती बहुधा एका वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होऊन पुढच्या वर्षाच्या पूर्वार्धात संपते, म्हणून हंगामाचे नाव २०१७-१८ असे जोडवर्षाने लिहितात. निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाने आर्सेनल क्लबच्या नादात गेलेल्या आपल्या आयुष्याची हकिगत १९९२ साली ‘फीवर पिच’ या पुस्तकात सांगितली, तेव्हा त्यातील प्रकरणांना त्याने सामन्यांची नावे आणि तारखा दिल्या, कारण घरातले व मनातले सारे काही त्याला त्याच खुंट्यांना टांगलेले आठवत होते. जगभरातल्या पाठीराख्यांना ‘तुमचा सर्वांत आवडता हंगाम कोणता’ असे विचारले, तर उत्तर द्यायला ते वेळ लावतात, कारण यादी लांब असते आणि ती अजून चालू असते. पुण्याच्या पाठीराख्याची यादी मात्र बंद झालेली आहे. २००९-१० ते २०१८-१९ या बरोबर दहा हंगामांत या शहराचे चार क्लब देशाच्या वरच्या स्पर्धांत खेळले आणि त्यांपैकी एकही आज तेथे नाही.

या दहा हंगामांचे महत्त्व समजण्यासाठी नारायण पेठेसारख्या जुन्या वस्तीतून पाहणे सोयीचे ठरते. नारायणराव पेशव्यांचे नाव मिरवणाऱ्या आणि केसरीवाड्यामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या या पेठेला सामूहिक निष्ठा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. मंडळाची वर्गणी, मानाच्या पाचव्या गणपतीचा थाट, नदीपात्रात चालणारा ढोलपथकांचा सराव आणि ‘त्या वर्षीचा देखावा’ अशा शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी यांतून ती निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. पण या निष्ठेत फुटबॉलला जागा नव्हती. पुण्यात फुटबॉल रुजला तो ब्रिटिश पलटणींच्या आधाराने कॅम्प आणि खडकी या लष्करी भागांत. पेठांनी कबड्डी, खो-खो, मल्लखांब आणि अर्थातच क्रिकेट जवळ केले. शिवाय जे नवे क्लब निघाले त्यांचे घरचे मैदान पेठांपासून दहा-बारा किलोमीटर दूर, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी मुंबई-बंगळूर महामार्गालगत उभारलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात होते. त्यामुळे पेठेतून लकडी पूल ओलांडून सामन्याला जाणारा माणूस वडिलांकडून मिळालेली निष्ठा पाळत नव्हता, तो ती स्वतः निवडत होता. आणि निवडलेल्या गोष्टीचा हिशेब माणूस अधिक काटेकोरपणे ठेवतो.

या हिशेबातला पहिला क्लब पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये तो स्थापन केला, २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून तो आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच, म्हणजे २००९-१० च्या हंगामात त्याने तिसरे स्थान मिळवले. आय-लीग ही तेव्हाची देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा; तिच्यावर गोवा आणि कोलकाता यांचे वर्चस्व होते, आणि या दोन्ही ठिकाणचे बरेच क्लब जितके जुने होते तितके पुण्याच्या क्लबचे खेळाडूही वयाने मोठे नव्हते. प्रशिक्षक डेरिक परेरा यांनी त्यापूर्वी मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते, आणि पुण्यात त्यांनी तीच शिस्तबद्ध, फारसा गाजावाजा न करणारी घडण चालू ठेवली. क्लबला ‘रेड लिझर्ड्स’ हे टोपणनाव होते; ‘लिझर्ड’ म्हटल्यावर पुणेकराला सिंहगड आणि तानाजी मालुसऱ्यांची घोरपड आठवणार हे उघडच आहे, आणि मराठी मनात शिरण्याची एवढी चांगली वाट नंतरच्या कोणत्याही क्लबला सापडली नाही.

पुणे एफसीच्या जुन्या पाठीराख्यांच्या मनात २०१२-१३ चा हंगाम वरचे स्थान घेऊन बसावा, याला कारणे आहेत. चौदा संघ, प्रत्येकी २६ सामने, आणि अखेरीस गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरे स्थान, ही त्या हंगामाची बाह्यरेषा झाली. त्याच काळात संघात अराता इझुमी होता. जपानी आई आणि भारतीय वडील यांच्या या मुलाने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले आणि २०१३ मध्ये तो भारतीय संघातून खेळला. दक्षिण सुदानचा जेम्स मोगा गोल करणाऱ्यांच्या फळीत होता. उपविजेतेपदाच्या बळावर क्लबला २०१४ च्या एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या दुसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेत, खेळता आले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्याच साळगावकर क्लबकडून १-० अशी हार पत्करावी लागली. पुणे एफसीच्या वरिष्ठ संघाने मोठा चषक कधीच उचलला नाही. तरीही तो क्लब आठवताना लोकांच्या बोलण्यात हळहळीपेक्षा आदर अधिक असतो.

२०१४-१५ हा हंगाम तर विचित्रच म्हटला पाहिजे. आय-लीगमध्ये पुणे एफसीबरोबरच कल्याणी समूहाचा भारत एफसी हा दुसरा पुणेकर क्लब उतरला, आणि २०१४ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत नव्याने सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी हा तिसरा. ज्या शहरात सहा वर्षांपूर्वी वरच्या श्रेणीचा एकही क्लब नव्हता, तेथे एकाच मैदानाला तीन क्लब घर म्हणू लागले. भारत एफसी तळाला राहून एका हंगामातच बंद झाला. पुणे एफसीनेही २०१५ मध्ये गाशा गुंडाळला, कारण पैसा, दूरचित्रवाणी आणि नामवंत परदेशी खेळाडू सारे नव्या लीगकडे वळले होते. त्यानंतर १९८७ साली स्थापन झालेला डीएसके शिवाजीयन्स हा क्लब आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला.

इंडियन सुपर लीगचे सूत्र निराळे होते. तेथे क्लब नसून फ्रँचायझी होती, म्हणजे विशिष्ट शहराच्या नावाने संघ चालवण्याचा हक्क मालकाने शुल्क भरून विकत घेतलेला असे. बढती नव्हती, अवनती नव्हती, आणि संघ खाली घसरण्याचे भय नसले तरी तो हक्कच काढून घेतला जाण्याचे भय होते. एफसी पुणे सिटीचे पहिले तीन हंगाम मोठ्या नावांचे होते: फ्रान्सचा दाव्हिद त्रेझेगे, रुमानियाचा अद्रियान मुतू, मालीचा मोहम्मद सिसोको. नावे उतरत्या वयात आली होती आणि संघ एकदाही पहिल्या चारांत गेला नाही. पाठीराख्यांना खरे काही मिळाले ते चौथ्या, २०१७-१८ च्या हंगामात. स्पर्धा आता दहा संघांची आणि नोव्हेंबर ते मार्च अशी लांब झाली होती. प्रशिक्षक रांको पोपोविच यांच्या हाताखाली ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो यांची जोडी जमली, गोलपोस्टमध्ये विशाल कैथ होता, आणि पुणे एफसीच्या अकादमीत घडलेला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन डाव्या बगलेतून धावत होता. ही अकादमी एफसी पुणे सिटीने नंतर आपल्याकडे घेतली होती; बंद पडलेल्या क्लबचे हे एकच अंग पुढच्या क्लबात जिवंत राहिले.

साखळीत ३० गुण आणि चौथे स्थान मिळवून संघ पहिल्या चारांसाठी असलेल्या उपांत्य फेरीत गेला. तेथे दोन सामने होतात, एक घरी आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, आणि दोन्हींच्या गोलांची बेरीज निर्णायक ठरते. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बेंगळुरू एफसीविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली. चारच दिवसांनी बंगळुरात सुनील छेत्रीने तीन गोल केले, जोनाथन लुकाच्या फ्री किकने पुण्याला क्षणभर सामन्यात आणले, आणि निकाल ३-१ लागला. क्लबच्या केशरी रंगामुळे ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवणाऱ्या पाठीराख्यांच्या गटाला अंतिम सामना काही पाहता आला नाही. असे असूनही आवडता हंगाम म्हणून बोट याच वर्षाकडे जाते.

हरलेला हंगाम आवडता का ठरावा, याचे उत्तर काही अंशी मानसशास्त्रात आहे. रॉबर्ट सियाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेला अमेरिकी विद्यापीठांतील अभ्यास प्रसिद्ध आहे: विद्यापीठाचा फुटबॉल संघ (तेथील फुटबॉल म्हणजे हाताने चेंडू नेण्याचा खेळ) जिंकला की सोमवारी संघाची खूण असलेले कपडे घालणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत असे, आणि विजयाचे वर्णन करताना ते ‘आपण’ हा शब्द अधिक वापरत. याला परावर्तित कीर्तीत न्हाणे म्हणता येईल. पण या स्पष्टीकरणाने खरा पाठीराखा पुरता उलगडत नाही, कारण तो हरल्यावरही ‘आपण’च म्हणतो. दुसरे निरीक्षण स्मृतीविषयीचे आहे: उतारवयात माणसाला आपल्या साधारण पंधरा ते पंचवीस या वयातील घटना इतर काळापेक्षा जास्त दाटीने आठवतात. बालेवाडीच्या काळात जे महाविद्यालयात होते, त्यांच्या आठवणीतला हंगाम केवळ गुणतक्त्यातला नसतो. सामन्याला कोणाबरोबर गेलो, रात्री उशिरा दुचाकीवरून परतताना किती थंडी होती, हेही त्याचाच भाग होऊन बसते. आणि तिसरी गोष्ट अपेक्षेची. कोलकात्याच्या मोहन बागानच्या पाठीराख्याला चौथे स्थान नामुष्की वाटेल. एफसी पुणे सिटीच्या पाठीराख्याला ते पहिल्यांदाच मिळाले होते.

पण पुण्याच्या आठवणीला जी धार आहे ती मालकीच्या प्रश्नामुळे, आणि तिची तुलना कोल्हापूरशी केल्याशिवाय ती नीट दिसत नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ पेठांतील तालमींचे आणि मंडळांचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने भरतात तेव्हा गॅलरीत पेठच बसलेली असते. तेथील हाणामाऱ्या कौतुकाच्या नाहीत, हे नमूद केले पाहिजे. तथापि तालीम तोट्यात गेली म्हणून कोणी तिचा संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. नारायण पेठेतल्या गणेश मंडळाचेही तसेच आहे. पुण्याने मंडळ चालवण्याची जी रीत सार्वजनिक जीवनाला दिली, ती फुटबॉलमध्ये टिकली कोल्हापुरात, आणि पुण्याच्या वाट्याला आली कंपनीची शाखा.

संघ उचलून दुसऱ्या गावी नेला जाण्याचा प्रसंग लंडनच्या विंबल्डन एफसीवर आला होता. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणाऱ्या या क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या गावी जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी त्याच वर्षी एएफसी विंबल्डन हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला, अगदी खालच्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये आणला. मधल्या काळात वाद होता तो जुन्या हंगामांचा: १९८८ चा चषक कोणाच्या इतिहासात लिहायचा? अखेर मिल्टन कीन्सच्या क्लबने त्यावरचा हक्क सोडला आणि २००७ मध्ये चषकांच्या प्रतिकृती विंबल्डन ज्या भागात येते त्या मर्टन नगर परिषदेच्या स्वाधीन झाल्या.

पुण्यात असा वाद झाला नाही, कारण भांडायला दुसरा पक्षच नव्हता. २०१८-१९ च्या हंगामात सातवे स्थान मिळवून एफसी पुणे सिटी आर्थिक कारणांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबने घेतली. पुण्याचा शेवटचा प्रशिक्षक फिल ब्राउन आणि काही खेळाडू तिकडे गेले, पण पुण्याचे पाच हंगाम नव्या क्लबने आपले म्हणून मिरवले नाहीत. २० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. ज्या जागेसाठी पुण्याच्या पाठीराख्याने पाच वर्षे बालेवाडीच्या फेऱ्या मारल्या, त्या जागेला मिळालेला तो पहिला चषक होता. त्याच्या यादीत मात्र दहाव्या हंगामाखाली काही लिहिलेले नाही.