वेबसाइटवरच्या जाहिराती आणि ॲफिलिएट मार्केटिंगमधून खरंच किती पैसे मिळतात? चला, हिशोब मांडूया

"मोबाईलवर रोज दोन तास काम करा आणि महिन्याला ५० हजार कमवा" ही जाहिरात तुम्ही या आठवड्यात एकदा तरी बघितली असेल. रीलच्या मध्ये येते, टेलिग्रामवर येते, कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याच्या मोबाईलवर पण तीच चालू असते.

मी मोशीत राहतो. आयटीआय करून चाकण एमआयडीसीत ॲप्रेंटिस किंवा कॉन्ट्रॅक्टवर लागलेली पोरं आमच्याकडे भरपूर. कॉन्ट्रॅक्ट संपला की पुढं काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात असतो. त्यामुळे ऑनलाइन कमाईचा विषय निघाला की सगळे कान टवकारतात आणि मला एकच गोष्ट विचारतात: "हे खरं असतं का, की सगळं फेक?"

उत्तर सरळ आहे. वेबसाइटवरच्या जाहिरातींमधून आणि ॲफिलिएट मार्केटिंगमधून पैसे खरंच मिळतात. पण किती, कधी आणि कशाच्या बदल्यात, हे त्या रीलमध्ये सांगत नाहीत. आज आपण तेवढंच बघणार आहोत. आणि हिशोब डॉलरमध्ये न करता आपल्याला कळेल अशा मापात करू, म्हणजे ओव्हरटाइमच्या तासांत.

जाहिरातीचे पैसे येतात कुठून?

तुम्ही एखादं वेब पेज उघडता तेव्हा ते लोड होता होताच त्यावरच्या जाहिरातीच्या मोकळ्या जागेचा लिलाव होतो. विमा कंपनी, बाईक कंपनी, क्लासवाले असे अनेक जाहिरातदार त्या जागेसाठी बोली लावतात. ज्याची बोली आणि जाहिरात सरस ठरते, ती तुम्हाला दिसते. हे सगळं तुमच्या डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

हा धंदा आपल्यापासून फार लांबचा नाही. वेबसाइटवाल्यांच्या बाजूनं असे लिलाव चालवणारी पबमॅटिक ही कंपनी २००६ मध्ये सुरू झाली. ती अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात आहे, पण तिचं इंजिनीअरिंगचं मोठं काम पुण्यातून चालतं. याच क्षेत्रातली मीडिया डॉट नेट ही कंपनी मुंबईच्या दिव्यांक तुराखिया यांनी उभी केली आणि २०१६ मध्ये ती सुमारे ९० कोटी डॉलरना विकली गेली. म्हणजे पैसा खरा आहे. प्रश्न एवढाच, की त्यातला आपल्या खिशात किती येतो.

छोट्या वेबसाइटसाठी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे २००३ पासून चालू असलेलं गुगल ॲडसेन्स. तुम्ही अर्ज करता, गुगल तुमची साइट तपासतं, मंजुरी मिळाली की साइटवर जाहिराती दिसायला लागतात. जाहिरातदार गुगलच्याच यंत्रणेतून आला असेल, तर त्यानं दिलेल्या पैशातले साधारण ६८ टक्के साइटवाल्याला मिळतात. काही गोष्टी आधीच माहीत असू द्या:

- वय किमान १८ हवं.
- मराठी साइट चालते. हिंदीला २०१४ मध्ये परवानगी मिळाली, मराठी त्यानंतर आली.
- मजकूर स्वतःचा हवा. दुसऱ्याच्या बातम्या उचलून टाकल्या तर मंजुरी मिळत नाही, आणि मिळालीच तर टिकत नाही.
- खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासायला गुगल पोस्टानं एक पिन पाठवतं. कॉट बेसिसवर दर सहा महिन्यांनी रूम बदलत असाल, तर गावाकडचा पत्ता दिलेला बरा.
- १०० डॉलर पूर्ण होईपर्यंत बँकेत एक रुपयाही येत नाही.

स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचं नाही, आणि मित्रांच्या ग्रुपवर "जरा क्लिक करा रे" असंही टाकायचं नाही. गुगलला ते कळतं, खातं बंद होतं आणि जमलेले पैसेही जातात.

ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे काय?

तुम्ही चाकणला नवीन आलात, एजंटनं रूम दाखवली, तुम्ही ती घेतली आणि एजंटला कमिशन मिळालं. ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे हेच. रूमच्या जागी वस्तू आणि एजंटच्या जागी तुमची लिंक. एजंटनं दहा जणांना रूम दाखवली आणि कोणीच घेतली नाही तर त्याला काही मिळत नाही, इथंही तसंच.

ॲमेझॉननं ही पद्धत १९९६ पासून वापरली आणि जगभर नेली. नियम साधारण असे आहेत: वाचकानं तुमच्या लिंकवर क्लिक केलं की पुढचे २४ तास तुमचे. त्या वेळात त्यानं केलेल्या पात्र खरेदीवर तुम्हाला कमिशन मिळतं, मग त्यानं तुम्ही सांगितलेली वस्तू घेतली नाही आणि दुसरीच घेतली तरी. कमिशनचा टक्का वस्तूच्या प्रकारावर ठरतो आणि कंपनी तो कधीही बदलू शकते. माल परत गेला की कमिशनही परत. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी केली तर ती धरत नाहीत. आणि नोंदणीनंतर १८० दिवसांत किमान ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं.

आता खरा हिशोब

खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमचे वेगळे येतील, पण हिशोबाची रीत हीच राहील.

समजा तुम्ही मराठीत ३० लेख लिहिले आणि साइटवर रोज २०० पेज बघितली जातात. महिन्याची झाली ६,०००.

- जाहिराती: दर १,००० पेजला ४० रुपये धरले तर महिन्याला २४० रुपये.
- ॲफिलिएट: ६,००० पैकी ३०० वेळा लिंक दाबली गेली, त्यातल्या ९ जणांनी ९०० रुपयांचे सेफ्टी शूज घेतले, कमिशन ५ टक्के. एका जोडामागे ४५ रुपये, म्हणजे ४०५ रुपये.
- एकूण: महिन्याला ६४५ रुपये.

आता हे ओव्हरटाइममध्ये मोजू. समजा पगार १५,६०० रुपये आहे. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाचे ६००, तासाचे ७५. कायद्यानुसार ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो, म्हणजे तासाला १५०. याचा अर्थ ३० लेखांची ती साइट तुम्हाला महिन्याला साधारण सव्वाचार तासांचा ओव्हरटाइम देते.

एका लेखाला ४ तास लागले असतील तर ३० लेखांचे १२० तास झाले. तेवढा ओव्हरटाइम केला असता तर १८,००० रुपये हातात आले असते. ६४५ च्या वेगानं ते वसूल व्हायला २८ महिने लागतील. शिवाय जाहिरातीचे १०० डॉलर पूर्ण व्हायचे आहेत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ८,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २४० प्रमाणे जवळजवळ तीन वर्षं!

मग सोडून द्यायचं का? थांबा, दुसरी बाजू पण बघा. तीच साइट रोज २,००० पेजवर गेली तर तेच आकडे दहापट होतात. महिन्याला ६,४५० रुपये, म्हणजे ४३ तासांचा ओव्हरटाइम. आणि ओव्हरटाइम सुपरवायझरनं दिला तरच मिळतो, गेट पास बंद झाला की तोही बंद. लेख मात्र कॉन्ट्रॅक्ट संपल्यावरही वाचला जातो. या कामाची खरी किंमत इथं आहे. ही रक्कम पगाराची जागा घेत नाही, पण दोन नोकऱ्यांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत खोलीचं भाडं निघू शकतं.

२०० वरून २,००० वर कसं जायचं?

बहुतेक जण इथंच चुकीचा विषय निवडतात. "१५ हजारांच्या आतले टॉप १० मोबाईल" या विषयावर शेकडो मोठ्या साइट आहेत, तिथं तुमचा नंबर लागणार नाही. शिवाय साध्या प्रश्नांची उत्तरं आता गुगल सर्चमध्ये वरच एआयनं लिहिलेली दिसतात, लोक खाली साइटवर येतच नाहीत. एआयकडून शंभर लेख लिहून घेऊन साइट भरणं हाही उपाय नाही. असा घाऊक मजकूर गुगल स्वतःच्या धोरणानुसार सर्चमधून खाली ढकलतं किंवा काढून टाकतं.

मग तुमच्याकडे असं काय आहे जे दिल्लीतल्या टेक साइटकडे नाही? तुमचं रोजचं काम! काही विषय बघा:

- सीएनसीचे कोड मराठीत: जी-०० म्हणजे टूल रॅपिडनं नेणं, जी-०१ म्हणजे सरळ रेषेत कटिंग, जी-०२ म्हणजे घड्याळाच्या दिशेनं गोलाई. नवीन ऑपरेटर हे शोधतोच.
- व्हर्नियरचं रीडिंग कसं घ्यायचं, ०.०२ मिमी लीस्ट काउंट म्हणजे काय.
- पीएफ खात्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय करायचं.
- ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी कशी करायची.
- बारा तास उभं राहायचं तर कुठले सेफ्टी शूज टिकतात. सहा महिने वापरलेला माणूसच हे नीट सांगू शकतो.

वाचक विश्वासानं लिंक दाबतो तो अशा लेखांवर. डिजिटल व्हर्नियर, शूज, रेनकोट, इंडक्शन शेगडी, जे तुम्ही स्वतः वापरलंय त्याचीच लिंक द्या.

एक काळजी मात्र घ्या. कंपनीचं ड्रॉइंग, पार्टचे फोटो, शॉप फ्लोअरचे व्हिडिओ अजिबात टाकू नका. बऱ्याच प्लांटमध्ये कॅमेरा मोबाईलला बंदी असते ती उगाच नाही. साइटवरून ६४५ रुपये यायच्या आधी नोकरी जाईल.

आणि वेळ लागणार, हे गृहीत धरा. पुण्याच्या अरुण प्रभुदेसाई यांनी २००७ मध्ये ट्रॅक डॉट इन हा ब्लॉग सुरू केला. आज 'ट्रॅकिन टेक' हे यूट्यूब चॅनल आपल्याला माहीत आहे, पण त्याच्या मागं आधीची अनेक वर्षांची लिखाणाची मेहनत आहे.

कोर्स आणि 'टास्क'पासून सावध

माझ्या बिल्डिंगमधला एक मुलगा निघोजेच्या एका कंपनीत ॲप्रेंटिस आहे. स्टायपेंडमधून साठवलेले १२ हजार रुपये तो एका ॲफिलिएट कोर्समध्ये घालायला निघाला होता. आम्ही त्या कोर्सची माहिती शेवटपर्यंत वाचली. कोर्स घेतल्यावर विकायचं काय? तोच कोर्स, आणखी दोघांना! मी त्याला म्हटलं, "त्यांना एवढंच विचार, कोर्स न विकता कमावलेल्या एका महिन्याचा हिशोब दाखवा." त्यानं विचारलं. हिशोब आला नाही, "ऑफर आज रात्री १२ ला संपतेय" असे चार मेसेज आले. पैसे त्यानं घरी पाठवले.

खऱ्या ॲफिलिएट कामात वस्तू विकली जाते, कमिशन वस्तूवर मिळतं आणि सामील व्हायला फी नसते. ॲडसेन्सला फी नाही, ॲमेझॉनलाही नाही. नवीन माणूस आणल्यावरच पैसे मिळत असतील तर ती साखळी आहे. अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे.

दुसरा प्रकार टेलिग्रामवरच्या टास्कचा. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, सुरुवातीला १५०-२०० रुपये खरंच येतात. मग "प्रीपेड टास्क" म्हणून तुमच्याकडून पैसे मागतात आणि तिथून ते परत येत नाहीत. असं कोणाबरोबर झालं असेल तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्याच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि चाकण त्याच हद्दीत येतं.

नियमात राहा

लिंकमधून कमिशन मिळत असेल तर वाचकाला तसं स्पष्ट सांगावं लागतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये याच्या सूचना काढल्या आहेत. लेख मराठीत असेल तर सूचनाही मराठीत हवी. "या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं" एवढं वाक्य लेखाच्या वरच्या भागात पुरे. कमाई पगाराबरोबर उत्पन्नात धरली जाते, त्यामुळे पॅन कार्ड तयार ठेवा आणि रिटर्नमध्ये ती दाखवा.

सुरुवात कशी करायची?

१. गुगलच्या ब्लॉगरवर फुकट साइट उघडा. पहिल्या महिन्यात डोमेन, थीम, कोर्स यांवर खर्च नको.
२. एकच विषय घ्या. नवीन पोरं तुम्हाला कामावर जे १० प्रश्न विचारतात ते वहीत लिहा.
३. सुट्टीच्या दिवशी एक लेख. मोबाईलवर बोलून टाइप केलं तरी चालेल, पण नंतर नीट वाचून दुरुस्त करा.
४. १५-२० चांगले लेख झाले की ॲडसेन्सला अर्ज करा. ॲफिलिएटची नोंदणी वाचक यायला लागल्यावरच करा, म्हणजे ते १८० दिवस वाया जात नाहीत.
५. दर महिन्याला दोनच आकडे लिहा: किती तास दिले, किती रुपये आले. वर्षभरानं ते ओव्हरटाइमच्या दराशी ताडून बघा आणि मग ठरवा.

तोपर्यंत शिफ्ट सोडू नका. साइट सहा महिने सलग तुमच्या पगाराएवढे पैसे देत असेल, तेव्हा तो विचार करू. आणि रूममेट कोणाला कोर्सचे पैसे पाठवायच्या तयारीत असेल, तर आधी त्याला हा हिशोब दाखवा. भेटूया पुढच्या लेखात!