जमलेल्या दोन बोकडांत तिसऱ्याची भर घालावी काय?

लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन बोकड एकाच गव्हाणीत चारा खातात आणि शेजारी बसून रवंथ करतात. हे पाहून, दोन नांदतात तेथे तिसराही नांदेल, असा पशुपालकाचा समज होतो. बकरी ईदच्या बाजारासाठी बोकड पोसणारे काही शेतकरी तर सणापूर्वी आणखी एखादा बोकड विकत आणून त्याच गोठ्यात सोडतात. हा निर्णय घेण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार करणे हिताचे आहे.

शांततेचे कारण

दोन बोकडांमधील शांतता त्यांच्या स्वभावामुळे नसते. थोरला कोण व धाकटा कोण, हे टकरा देऊन त्यांनी पूर्वीच ठरविलेले असते. तिसरा नर आला की ही क्रमवारी मोडते व प्रत्येकाला आपले स्थान नव्याने ठरवावे लागते. बोकड मागील पायांवर उभा राहून शिंगांनी आघात करतो. त्यात शिंग तुटणे, डोळ्यास इजा होणे, पाय लचकणे असे प्रकार घडतात. लंगडा, आंधळा अथवा शिंग मुळापासून तुटलेला बोकड कुर्बानीस चालत नाही. म्हणजे नफ्यासाठी आणलेल्या तिसऱ्यामुळे पहिल्या दोहोंची किंमतही जाण्याचा संभव असतो.

भर केव्हा घालू नये

पैदाशीसाठी २५ ते ३० शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. तेवढ्याच शेळ्या असतील, तर आणखी नर बाळगणे म्हणजे चाऱ्याचा अपव्यय होय. माजावर आलेली शेळी जवळ असताना नवा बोकड मिसळू नये. शिंगे असलेल्या व बिनशिंगी, तसेच मोठ्या व अगदी लहान बोकडांस एकत्र कोंडू नये.

जागेचा हिशेबही करावा. मोठ्या बोकडास छपराखाली सुमारे २० चौरस फूट जागा लागते. १० फूट लांब व ४ फूट रुंद गोठा दोघांसच पुरा पडतो. तिसऱ्यासाठी तो ६ फूट रुंद असावयास हवा. गव्हाणीवर प्रत्येकी किमान दीड फूट जागा न मिळाल्यास दुर्बळ बोकड उपाशी राहतो.

भर घालावयाचीच असल्यास

१. बाजारातून आणलेला बोकड किमान २१ दिवस वेगळ्या जागी ठेवावा. त्याची चारापाण्याची भांडीही वेगळी असावीत. पीपीआर, लाळ्या-खुरकूत, खरूज यांसारखे रोग नव्या जनावराबरोबर येतात. या मुदतीत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लसीकरण व जंतनिर्मूलन करून घ्यावे.

२. त्यानंतर काही दिवस मध्ये जाळी अथवा बांबूचा कूड ठेवून बोकडांस एकमेकांची ओळख होऊ द्यावी.

३. जुन्या गोठ्यात नव्यास एकदम सोडू नये. तिघांसही अनोळखी अशा मोकळ्या आवारात, सकाळच्या वेळी, सर्वांस एकदम सोडावे. चारा तीन-चार ठिकाणी टाकावा. आवारात कोंडी होईल असा अरुंद कोपरा नसावा.

४. थोड्या टकरा होऊन एकाने मान वळविली, तर मध्ये पडू नये. मात्र पळणाऱ्याचा पाठलाग थांबत नसेल, बरगड्यांवर आघात होत असतील, रक्त येत असेल अथवा एकास गव्हाणीजवळ येऊ दिले जात नसेल, तर त्यास ताबडतोब वेगळे करावे.

५. पहिले काही दिवस रात्री वेगळे बांधणे सुरक्षित असते.

जुन्या जोडीतील एखादा बोकड आजारपणामुळे बरेच दिवस वेगळा राहिला असेल, तर त्यासही नवा समजून याच क्रमाने परत आणावे.

सोपा मार्ग

बोकडांची संख्या वाढवावयाचीच असेल, तर जमलेली जोडी न मोडता, सारख्या वयाची दोन पिले एकदम घेऊन त्यांची दुसरी जोडी निराळ्या कप्प्यात वाढवावी. पैदाशीसाठी नको असलेल्या पिलांचे खच्चीकरण लहान वयातच पशुवैद्यकाकडून करून घेतल्यास झुंजीचे प्रमाण पुष्कळ कमी होते. ग्रामसेवकांनी पशुपालकास सल्ला देताना प्रथम त्याचा गोठा मोजावा, नव्या बोकडाची गरज विचारावी, आणि मगच बाजाराचा रस्ता दाखवावा. एका कप्प्याच्या कुडास लागणारा खर्च हा एका जखमी बोकडाच्या नुकसानीपेक्षा नेहमीच थोडा असतो.