पेनल्टी बॉक्समध्ये मावणारं स्टेडियम

चला, आज गर्दी मोजायला एक नवं माप घेऊ : एक लोकल. बारा डब्यांची. ऐन गर्दीच्या वेळी तिच्यात पाच हजारही कोंबले जातात, पण आपण हात जरा आखडता घेऊ आणि साडेतीन हजारच धरू.

मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान म्हणजे अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना. तिथे साधारण सात हजार लोक बसतात. सात हजार म्हणजे किती? दोन लोकल! अख्खं स्टेडियम, ढोल-झेंड्यांसकट, दोन गाड्यांत घरी. अंगारकीची गर्दी अंगावर घेणाऱ्या टिटवाळ्याला याचं काय कौतुक?

पण मॅचच्या रात्री याच टिटवाळ्याच्या फुटबॉलवेड्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. साडेसातला सुरू झालेली मॅच साडेनऊला संपते. मग मेट्रोने घाटकोपर, आणि तिथून लोकलने ४५ किलोमीटर. जाऊन-येऊन सगळे मिळून ११० धरा. आयएसएलच्या २०२३-२४ च्या मोसमात प्रत्येक संघाचे घरचे सामने होते ११. झाले १,२१० किलोमीटर! रेल्वेने मुंबई–पुणे १९२. म्हणजे तीनदा पुण्याला जाऊन परत या, तरी ५८ किलोमीटर शिल्लक. आणि एवढं करून कधी कधी ०-० बघायचं.

आता समजा, परतीची लोकल फक्त १५ मिनिटं लेट. त्यात काय, रोजचंच, म्हणाल. थांबा. १५ गुणिले साडेतीन हजार, म्हणजे माणसांची ५२,५०० मिनिटं. ९० मिनिटांच्या मॅचने भागा : ५८३ मॅच! कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात मिळून सामने झाले ६४. म्हणजे एका लोकलच्या पाव तासात नऊ विश्वचषक पाण्यात, वर सात मॅच सुट्ट्या!

कारण? टिटवाळा कल्याणपुढे कसाऱ्याच्या वाटेवर, आणि तिथे अप आणि डाऊन, दोनच मार्ग. त्यांवरच लोकल, त्यांवरच मेल-एक्स्प्रेस, त्यांवरच मालगाडी. एक अडली की मागची सगळी रांग अडते. तिसऱ्या मार्गिकेचं काम वर्षानुवर्षं चाललंय. बाकीचं शास्त्र रेल्वेवाले जाणोत, आपल्याला आकडे खुणावतायत.

रविवारची मॅच म्हटली की मेगाब्लॉक आधी बघावा लागतो. पण मे २०२४ च्या अखेरीचा ब्लॉक आठवतो? फलाटांच्या कामासाठी ठाण्यात सलग ६३ तास, सीएसएमटीला ३६ तास. रद्द झालेल्या लोकल ९३०! एक लोकल पाव किलोमीटर लांब धरा आणि ठेवा एकामागे एक. रांग सीएसएमटीहून निघाली, घाट चढली, पुणं मागे टाकलं, आणि शेपूट पोचलं यवतच्या जवळपास. त्या गाड्यांत मावली असती ३२ लाख ५५ हजार माणसं. कतारच्या सगळ्या ६४ सामन्यांना मिळून प्रेक्षक होते ३४ लाख ४ हजार २५२. जवळजवळ एक विश्वचषकच रद्द!

अजून चढायचंय. १३ जुलै १९९७, कोलकात्याचं सॉल्ट लेक, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, भायचुंगची हॅटट्रिक, प्रेक्षक १,३१,७८१. आपल्या मापाने ३८ लोकल. बस्स?

गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी असतात. १४ च धरा. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. जिथे २२ जण पळून पळून दमतात, तिथे लोकलच्या हिशेबाने उभे राहतील ९९,९६०! पेनल्टी बॉक्स ६६५ चौरस मीटरचा, त्यात ९,३१०. म्हणजे अंधेरीचं अख्खं भरलेलं अरेना एका पेनल्टी बॉक्समध्ये मावलं, आणि वर तेवीसशे जणांना अजून जागा आहे. जरा आत सरका!

आता शेवटचा आकडा, दम धरा. मुंबईच्या लोकल रोज साधारण ७५ लाख प्रवासी वाहतात. कतारला आपली गर्दी जमवायला २९ दिवस लागले. इथे तेवढी गर्दी एका दिवसात दोनदा वाहून होते, आणि तरी उरलेल्या माणसांत अंधेरीचं अरेना ९८ वेळा भरतं. तेही एखाद्या साध्या मंगळवारी, कुठेच मॅच नसताना.