घर आणि कायदा : लेखांक सातवा — निष्काळजी तपासणी आणि खरेदीदाराचा हक्क

काडु मल्लेश्वर या देवस्थानाच्या नावाने ओळखली जाणारी बंगळूरची मल्लेश्वरम ही वसाहत 1898 च्या प्लेगनंतर वाढीस लागली. सागवानी तुळयांवर चुन्यात विटा बसवून केलेल्या मद्रास गच्चीची काही जुनी घरे तेथे अद्याप उभी आहेत. अशा घराचा दोष सहसा दर्शनी भागी नसतो. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे ओल मुरते, तेथेच वाळवी लागते, आणि वर ताजा रंग चढविला म्हणजे अनभिज्ञ खरेदीदारास त्यातले काहीच कळत नाही. म्हणूनच तो फी देऊन तपासनीस नेमतो. परंतु जो तपासनीस गच्चीवर चढत नाही, तुळई ठोकून पाहत नाही, ओलावा मोजत नाही, आणि तरीही अहवालात ‘छत सुस्थितीत’ असा शेरा मारून मोकळा होतो, त्याच्या शब्दावर विसंबून आयुष्यभराची पुंजी खर्ची घालणाऱ्या कुटुंबाने पहिल्या पावसाळ्यानंतर कोणाकडे दाद मागावी?

मोबदला घेऊन केलेली तपासणी ही सेवा होय, आणि त्या सेवेतील हयगय ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये ‘सेवेतील न्यूनता’ ठरू शकते. तपासनिसाने भिंती फोडून पाहाव्यात अशी अपेक्षा कायदा करीत नाही. त्या व्यवसायातील सामान्य कुशल माणसाने जेवढी दक्षता घेतली असती तेवढीच त्याच्याकडून अपेक्षित असते. मात्र जो भाग पाहता आला नाही तो पाहिला नाही असे स्पष्ट लिहिणे हाही त्या दक्षतेचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

करारात बहुधा एक कलम असते : ‘आमची जबाबदारी फीच्या रकमेपुरती’. ते वाचूनच अनेक जण हताश होतात, परंतु असे कलम नेहमीच टिकते असे नाही. इंग्लंडमध्ये श्रीमती स्मिथ यांनी घर घेताना मूल्यनिर्धारकाच्या अहवालावर भरवसा ठेवला. खालचा आधार काढून टाकलेली धुराडी त्याने ओळखली नाहीत, आणि पुढे त्यांपैकी एक शयनगृहाच्या छतातून कोसळले. अहवालात जबाबदारी नाकारणारा मजकूर असूनही 1989 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्याला दायी धरले. तो निर्णय तेथील अधिनियमावर आधारलेला असून आपल्यावर बंधनकारक नाही. तथापि आपल्या 2019 च्या अधिनियमानेही ‘अनुचित करारा’ची संकल्पना स्वीकारली आहे. लवादाचे कलम दाखवून कोणी परतवू पाहील, तर तेवढ्याने ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणी स्पष्ट केले आहे.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आयोगाचे अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरते. सबब काही हजारांच्या फीचे प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर तक्रारीचे शुल्कही नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही जाता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे.

तपासनीस हा एकटाच उत्तरदायी असतो असे मात्र नाही. जुन्या घराच्या विक्रेत्यास दोष ठाऊक असून, सामान्य सावधगिरीने खरेदीदारास तो कळणे शक्य नसतानाही त्याने तो लपविला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 55 त्याच्यावर ठपका ठेवते. विक्रेत्याविरुद्धची वाट दिवाणी न्यायालयाची. जुने घर पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत सदनिका घेतली असेल, आणि तो प्रकल्प ‘रेरा’ या स्थावर संपदा कायद्याच्या कक्षेत येत असेल, तर कब्जा मिळाल्यापासून 5 वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष विकासकाने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

हे सर्व हक्क पुराव्यावर उभे आहेत, आणि पुरावा नष्ट होतो तो बहुधा आपल्याच घाईने. छत गळू लागताच गवंडी बोलावून सारे लिंपून घेतले, की तुळई कुजली होती हे सिद्ध करणे दुरापास्त होते. तेव्हा धोका तातडीचा नसेल तर वाचकांनी दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत, दुसऱ्या पात्र अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा, मूळ तपासनिसास पोचपावती मिळेल अशा टपालाने नोटीस देऊन जागा पाहण्याची संधी द्यावी, आणि फीची पावती व मूळ अहवाल खरेदीखताइतकाच जपून ठेवावा.