तिजोरीत तूट, पण कात्री कोणाच्या निधीला?

राज्याकडे पैसा नाही, हे आता सगळेच सांगतात. शिष्यवृत्ती का अडली असे विचारले की कार्यालयात हेच उत्तर मिळते. शासकीय वसतिगृहाची दुरुस्ती रखडली तरी हेच. वस्त्यांमध्ये विद्यार्थी आणि पालकांबरोबर काम करताना आम्हाला हे उत्तर इतक्यांदा मिळाले, की शेवटी अर्थसंकल्प उघडून बसावे लागले. त्यातून जे समजले ते समाजबांधवांसमोर मांडत आहोत.

१० मार्च २०२५ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपये. महसुली जमा ५ लाख ६१ हजार कोटींच्या आसपास, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. यातला फरक, म्हणजे ४५ हजार ८९१ कोटी, ही महसुली तूट. सोप्या भाषेत सांगायचे तर रोजचा घरखर्चही कमाईत भागत नाही, त्यासाठीसुद्धा उसनवारी करावी लागते. कर्ज काढून घर बांधणे वेगळे आणि कर्ज काढून किराणा भरणे वेगळे.

आता तूट आली की कपात कुठे होते? पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही, आणि उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच जातो. मोठ्या ठेकेदारांची बिले थकली तर ते मंत्रालयात जाऊन बसतात, कामे बंद पाडतात. उरतात ते विद्यार्थी, वसतिगृहे, आश्रमशाळा, अंगणवाड्या. यांचा निधी कोणी जाहीरपणे रद्द करत नाही. तो फक्त उशिरा सुटतो, अर्धा सुटतो किंवा ३१ मार्चला तसाच परत जातो. कागदावर तरतूद शिल्लक असते म्हणून सभागृहात सगळे ठीक दिसते.

अनुसूचित जाती घटक योजना नेमकी यासाठीच आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचा आणि तो त्याच समाजाच्या विकासावर, इतर योजनांच्या वर जादा म्हणून खर्च करायचा, हे त्यामागचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती सुमारे ११.८ टक्के आहेत. २०२५-२६ साठी या घटकाला २२ हजार ५६८ कोटी दिले गेले. आधीच्या वर्षापेक्षा ही वाढ ४२ टक्क्यांची, असे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. पण वार्षिक योजनेचा एकूण आकार अडीच लाख कोटींहून अधिक आहे. भागाकार केला तर वाटा जेमतेम नऊ टक्के येतो.

आणि मे २०२५ मध्ये याच घटकातून ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी घटकातून ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेसाठी गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली होती. सरकारचे म्हणणे असे, की हा निधी वळवलेला नाही. अनुसूचित जातीच्या बहिणींनाही लाभ मिळतो, म्हणून त्यांच्यापुरती तरतूद या घटकाखाली केली आहे.

हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे, कारण ऐकायला तो रास्त वाटतो. आमच्या वस्तीतल्या बाईला मिळणारे १५०० रुपये आम्हाला नकोसे नाहीत. त्यातून तिचा गॅस येतो, मुलाची औषधे येतात. पण ते तिला राज्याची नागरिक म्हणून, उत्पन्नाच्या निकषावर मिळतात, शेजारच्या कोणत्याही जातीच्या बाईला मिळतात तसेच. शेजारणीचे पैसे सर्वसाधारण निधीतून आणि हिचे पैसे हिच्याच समाजाच्या राखीव निधीतून, हे कसे? उद्या याच हिशेबाने रस्ते, पूल, पोलीस ठाणी यांचाही लोकसंख्येइतका खर्च घटक योजनेत दाखवता येईल. मग जादा असे काही उरणारच नाही.

४१० कोटींचा अर्थ काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला पुणे-नागपूरसारख्या शहरात भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. त्या दराने ६८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ष निघाले असते. म्हणजे त्याच घरात आईला वर्षाचे १८ हजार येतात आणि मुलाचे ६० हजार अडकतात. खोलीमालक शासन निर्णयाची वाट पाहत नाही. मुलगा जूनमध्ये शहरात जातो आणि दिवाळीला सामान घेऊन परत येतो.

म्हणूनच तुटीच्या काळात प्राधान्य ठरवायची आमची कसोटी साधी आहे: कोणता खर्च सहा महिने लांबला तर कोणाचे काय बिघडते? शिष्यवृत्ती, स्वाधार, अंगणवाडीचा आहार, प्राथमिक आरोग्य केंद्रातली औषधे यांना उशीर म्हणजेच नुकसान. शक्तिपीठ महामार्ग मात्र दोन वर्षे उशिरा झाला तर काही कोणाचे शिक्षण सुटत नाही. तरीही जून २०२५ मध्ये त्याच्या आखणी व भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींच्या तरतुदीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पैसा नाही हे वाक्य तेव्हा कोणाच्या तोंडून ऐकू आले नाही.

उपाय म्हणून कायद्याची मागणी जुनी आहे. एकसंध आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये तसे कायदे केले. तेलंगणाच्या कायद्यात अखर्चित निधी पुढच्या वर्षी नेण्याची सोय आहे. मात्र कायदा झाला की काम संपले, असे समजू नये. कर्नाटकात निधी इतरत्र दाखवायला वाट देणारे कलम २०२३ मध्ये काढले गेले, आणि तरीही तिथल्या हमी योजनांसाठी हा निधी वापरल्याचा वाद उभा राहिलाच. महाराष्ट्राच्या कायद्यात ‘सर्वांसाठीच्या योजनेचा खर्च घटक योजनेत दाखवता येणार नाही’ हे वाक्य स्पष्ट लिहून घ्यावे लागेल.

तोवर हाताशी आहे ते वापरू. बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलले ते आकडे वाचून. आपल्या विहारांत रविवारी जमणाऱ्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी हे काम घ्यावे. जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: या वर्षी स्वाधार आणि शिष्यवृत्तीसाठी मंजूर किती, प्रत्यक्ष प्राप्त किती, आणि ३१ मार्चला परत गेले किती. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची. उत्तर हाती आले की हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जाण्याआधी ते आपल्या आमदाराला नेऊन द्यावे, पोच घेऊन.